एक ते चार बंद

जगात बंद करण्यासारखं जे जे काही आहे ते ते बंद करण्यासाठीच आमच्या धाकट्या दिरांचा जन्म झाला आहे, याविषयी माझ्या मनात तिळमात्र शंका उरलेली नाही. नळ, पंखा, गॅस, खिडकी, कपाटाचं दार, दुसऱ्याच्या घरचा टीव्ही, तिसऱ्याच्या स्कूटरचा पेट्रोल कॉक, यातलं काहीही उघडं किंवा चालू दिसलं की या माणसाचा हात आपोआप पुढे जातो. आपण कोणाकडे गेलो तर आधी माणसांकडे बघतो; हे आधी स्विचबोर्डाकडे बघतात. एकदा एका नातेवाइकांकडे सत्यनारायणाच्या पूजेला गेले असता, स्वयंपाकघरात कोणी नाही असं पाहून त्यांनी प्रसादाच्या शिऱ्याखालचा गॅस बंद केला आणि बाहेर येऊन हात जोडून बसले. कथा झाली, आरती झाली, आणि प्रसाद म्हणून प्रत्येकाच्या हातावर कच्चा रवा पडला. घरातली सून रडकुंडीला आली होती. हे मात्र तिलाच वर समजावत होते, "गॅसजवळ माणूस नाय नि गॅस चालू? घर पेटलं असतं म्हंजे?"

हे झालं लोकांच्या घरचं. आमच्या घरचं सांगते. मुलीच्या बाळंतपणासाठी आम्ही दोघं मुंबईला गेलो होतो. घर बंद आहे तर एक चक्कर मारावी, म्हणून भावजी रत्नागिरीहून मुद्दाम एसटीने लांज्याला आले, कुंड्यांना पाणी घातलं, अंगणातला पाचोळा काढला, आणि जाताना मीटरजवळचा मेन स्विच खाली ओढून गेले. फ्रीजमध्ये साफ करून ठेवलेली सुरमई होती, हापूसच्या रसाचे डबे होते. आम्ही परत आलो तेव्हा कुलूप काढायच्या आधीच शेजारीण नाकाला पदर लावून धावत आली आणि म्हणाली, "अहो, आम्हांला वाटलं आत काहीतरी अघटित झालंय." मी तिथल्या तिथे फोन लावला आणि तोंडाला येईल ते बोलले. माझं सगळं ऐकून घेतल्यावर ते म्हणाले, "वयनी, रिकाम्या घरात मशीन चालू ठेवायचं कोणासाठी?" आता या प्रश्नाला उत्तर काय द्यायचं? माझा नवरा जन्मभर शाळेत मास्तर होता, मुलांना फटके देऊन सुधारायचा, पण सख्ख्या भावाच्या बाबतीत त्याचं एकच पालुपद: "तो तसाच आहे." जणू तसंच असणं ही काही पदवी आहे!

मंडप, भांडी आणि खुर्च्या भाड्याने देण्याचा आमच्या सासऱ्यांचा धंदा. दुकान रत्नागिरीच्या बाजारात, मागे गोडाऊन, गोडाऊनच्या मागे घर. सासऱ्यांनंतर ते सगळं धाकट्या दिरांनी सांभाळलं. अर्ध्या तालुक्याची लग्नं त्यांच्या कापडाखाली लागली, पण स्वतःचं लग्न हा विषय त्यांनी ऐन तरुणपणीच बंद करून टाकला. तो का, हे विचारायची आमच्यात कोणाची छाती झाली नाही. बुकिंग लिहून ठेवणं त्यांना कमीपणाचं वाटायचं. सगळं डोक्यात. मासळीबाजारात कोणी भेटला आणि "भावाचं लगीन हाय, मोठं तपेलं लागंल" म्हणाला, की हे एका हातात बांगड्याची पिशवी धरून दुसऱ्या हाताने तपेलं देऊन मोकळे. तपेलं त्यांच्या डोक्यातून बाहेर गेलेलं असायचं. गोडाऊनमधून कधी जायचं ते वेगळं.

हे सगळं चाललं तोपर्यंत चाललं. आमचे हे निवृत्त झाले, मुलगी सासरी गेली, आणि मी लांज्याला हायवेलगतच्या एका गाळ्यात आमच्या धंद्याची शाखा काढली. कोणी मला काढून दिली नाही, मी काढली, हे इथे सांगून ठेवते. साखरपुडा, बारसं, उत्तरकार्य, गावोगावचे लोक माझ्याकडे येऊ लागले. सामान मात्र एकच. तेच गोडाऊन, त्याच खुर्च्या. मी इथून कबूल करायची आणि ते तिथून. व्हायचं तेच झालं. मुंबईत नोकरी करणारा एक गृहस्थ मुलीच्या लग्नासाठी रजा काढून गावी आला होता. त्याला मी दोनशे खुर्च्या दिल्या होत्या. लग्नाच्या आदल्या दिवशी कळलं, की त्याच दोनशे खुर्च्या भावजींनी राजापूरच्या कोणाला तरी देऊन टाकल्या आहेत आणि टेम्पो निघालासुद्धा. तो बाप माझ्या काउंटरपुढे उभा राहिला. ओरडला असता तर बरं झालं असतं. तो एवढंच म्हणाला, "ताई, व्याह्यांना मी भुईवर बसवू काय?" शेवटी आमच्या ह्यांनी शाळेत शब्द टाकला आणि बाकं मागवली. सूट घातलेले नवरदेवाचे वडील पाचवीच्या बाकावर, गुडघे कानांपर्यंत आलेले, अशा थाटात ते लग्न लागलं. अक्षता टाकताना मला कोणाच्या नजरेला नजर देववेना. गावात बोललं जाऊ लागलं, की लांज्याच्या बाई कबूल करतात पण सामान येईलच असं नाही. आणखी एकदा असं झालं असतं तर माझ्या गाळ्याचं शटर कायमचं खाली आलं असतं. या वयात मी उभं केलेलं ते एवढंच आहे, ते कोणाच्या विसरभोळेपणापायी मी जाऊ देणार नव्हते.

तेव्हा मी हट्ट धरला, की रत्नागिरीच्या कॉम्प्युटरात सगळं सामान भरायचं, आणि लांज्याचा कॉम्प्युटर त्याला जोडून घ्यायचा. म्हणजे कुठली खुर्ची कुठल्या तारखेला मोकळी, हे मला इथे बसून दिसेल, आणि मी घेतलेलं बुकिंग त्यांना तिथे दिसेल. भावजींनी महिनाभर दाद दिली नाही. "मला फोन करा, मी सांगतो," एवढंच. मी म्हटलं, तुम्ही सांगता म्हणूनच तर ही वेळ आलीय. शेवटी त्या बाकांची आठवण काढली तेव्हा ते म्हणाले, "जोडा." मूळचा राजापूरचा एक मुजावर नावाचा नेटवर्कचं काम करणारा माणूस होता, शांत स्वभावाचा, त्याने दोन्हीकडे खोकी बसवली, तारा ओढल्या, आणि एके दिवशी सकाळी माझ्या पडद्यावर रत्नागिरीच्या गोडाऊनमधली पातेली, चौरंग, समया सगळं ओळीने दिसू लागलं. खरं सांगते, मला भरून आलं.

दुपारी एक वाजता ते सगळं गेलं.

आता रत्नागिरीच्या बाजाराची रीत माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगते. तिथे दुपारी एकला शटर पडतं ते चारला उठतं. जेवण आणि झोप. कोणी आजारी असो, अडलेला असो, गिऱ्हाइकाने चारनंतर यावं. लांज्याला दुपार नावाचा प्रकारच नाही. गाड्या धावतच असतात. खेड्यापाड्यांतला माणूस सकाळची कामं उरकून एसटीने बाराच्या सुमारास येतो, बाजारहाट करतो, साडेतीनच्या गाडीने परत जातो. म्हणजे माझा धंदा काय तो दुपारचाच. आणि नेमकी दुपारीच लाईन मेलेली! समोर गिऱ्हाईक, पडदा कोरा. भावजींना फोन करावा तर त्यांचा मोबाइल बंद, कारण निजताना मोबाइल चालू ठेवणं त्यांच्या धर्मात बसत नाही. चारनंतर लागायचा, तेव्हा लाईनही आलेली असायची. "माझ्याकडे तर चालूच हाय," ते म्हणायचे, "तुमच्या लांज्यातच कायतरी असणार." मुजावरला बोलवावं तर तो सकाळी यायचा. सकाळी सगळं उत्तम. त्याने खोकं बदललं, तार बदलली, माझ्या गाळ्याचं वायरिंग तपासलं, आणि शेवटी म्हणाला, "वयनी, हायवेचं काम चाललंय, जेसीबी केबल तोडत असणार." मला पटलं, कारण त्या जेसीबीने पाण्याचा पाइप दोनदा तोडलेला मी डोळ्यांनी पाहिली होती. मी दुसऱ्या दिवशी दुपारी छत्री घेतली आणि उन्हातून चालत रस्त्याच्या कामावर गेले. जेसीबी झाडाखाली उभा होता आणि त्याचा ड्रायव्हर सावलीत बसून भाकरी खात होता. मी त्याला विचारलं, रोज दुपारी माझी केबल का तोडतोस? तो कुठल्या लांबच्या मुलखातला, घास हातात धरून माझ्याकडे बघतच राहिला. "बाई, दुपारी तर मी जेवतो," तो म्हणाला, आणि मला भाकरी घेणार का विचारलं. मला त्याचाही राग आला.

तुम्ही म्हणाल, शिऱ्याखालचा गॅस बंद करणारा माणूस डोळ्यांसमोर असताना तुम्ही जेसीबीवाल्याशी कसल्या भांडता? पण भावजी त्या कॉम्प्युटरला हात लावायलाही भ्यायचे हो. धूळ पुसायची तर फुंकर मारून पुसायचे. नोंदी काय त्या दुकानातला पोऱ्या भरायचा. त्यांनी काही केलं असेल हे माझ्या मनातसुद्धा आलं नाही. शेवटी संताप अनावर झाला तेव्हा गाळा ह्यांच्या हवाली केला आणि मी भर दुपारी एसटीने रत्नागिरीला गेले. बाजार निपचित. आमचं शटर बंद. बोळातून मागे गेले, गोडाऊनच्या जाळीतून आत पाहिलं, तर सगळीकडे काळोख, कॉम्प्युटर काळा, मुजावरच्या खोक्यावरचा एकही दिवा जळत नाही, आणि भिंतीवरचा मेन स्विच खाली. मागच्या घरात भावजी चटईवर उताणे निजलेले. मी त्यांना गदागदा हलवून उठवलं.

"भावजी, मेन बंद केलात?"

"केला तर," ते डोळे चोळत म्हणाले. "रोज करतो. दुकान बंद म्हंजे मेन बंद. बाबांपासून तसंच हाय."

"अहो, पण लाईन! मी तिकडे दुपारभर बोंबलत बसते!"

यावर ते उठून बसले आणि माझ्याकडे अशा नजरेने पाहू लागले, की चूक माझीच. "वयनी," ते म्हणाले, "दुकान बंद. मी निजलेला. आणि तुम्ही तिकडून आत शिरून खुर्च्या उचलता? हे बरं दिसतं काय?"

मी कपाळाला हात लावला. एवढे दिवस, एवढी वणवण, त्या गरीब ड्रायव्हरची भाकरी गार केली, आणि कारण काय, तर यांचा मेन स्विच! मी काय काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही.  मग ते हळूच म्हणाले, की सासऱ्यांच्या वेळी एकदा दुपारी वायर जळून कनातींचे गठ्ठे पेटले होते, त्या दिवशी दुकान बंद करणारे तेच होते, आणि सासरे त्यांना ओरडले नाहीत, नुसते जळक्या कापडाकडे बघत उभे राहिले. हे मला इतक्या वर्षांत कोणी सांगितलं नव्हतं. पण मी तेव्हा रागात होते. मुजावरला बोलावलं आणि कॉम्प्युटर व खोक्यापुरती वेगळी वायर टाकून घेतली. मेन खाली केला तरी लाईन चालू राहील अशी. "आता करा बंद काय करायचं ते," मी म्हटलं आणि विजयी मुद्रेने लांज्याला परतले.

दुसऱ्या दिवशी दुपारी दोन वाजता लाईन जिवंत. मी एका गिऱ्हाइकाचं बुकिंग भरलं, चाळीस खुर्च्या आणि एक चौरंग. मिनिट गेलं नसेल, फोन वाजला. "वयनी, आल्या ओ! चाळीस खुर्च्या आल्या. चौरंगपण आला." मी विचारलं, तुम्ही जागे कसे? तर म्हणाले, "लाईन चालू असताना माणूस नको जवळ?" हा प्रकार रोज सुरू झाला. शटर अर्धं खाली ओढून, पंखा बंद करून, हा माणूस भर उकाड्यात कॉम्प्युटरपुढे प्लास्टिकच्या खुर्चीवर राखण करत बसू लागला. गादीच्या खुर्च्या गोडाऊनमध्ये पडलेल्या होत्या, पण त्या भाड्याने द्यायच्या म्हणून यांनी घ्यायच्या नाहीत. जन्मात कधी न चुकलेली दुपारची झोप त्यांनी सोडली. मी समजावलं, विनवलं, लाईनला माणूस लागत नाही म्हणून मुजावरकडून सांगवलं. "गॅसला पण लागत नाय म्हंतात सगळे," असं त्याला उत्तर मिळालं. आणि मी इकडे एक समई जरी भरली तरी फोन: "समई आली ओ." गिऱ्हाईक समोर हसायचं आणि मी दात-ओठ खायची. संध्याकाळी त्यांचे डोळे लाल असायचे. मासळीबाजारातले लोक विचारू लागले, की तुमच्या दिरांना बरं नाही का?

एका दुपारी मी एका गावच्या बारशासाठी भांडी भरली आणि फोन आला नाही. मी वाट पाहिली. पडद्यावर लाईन चालू होती. मग त्यांच्या शेजारच्या कापडदुकानदाराचा फोन आला. "वहिनी, घाबरू नका, तुमचे दीर खुर्चीवरून पडलेत. डुलकी लागली असणार. कपाळाला लागलंय." मी शटर ओढलं, गिऱ्हाइकाला हात जोडले आणि निघाले. वाटेवरचा हातखंब्याचा फाटा येईपर्यंत मी त्यांना मनातल्या मनात इतकं बोलून घेतलं, की बोलायला काही शिल्लक राहिलं नाही.

डॉक्टर येऊन गेले होते. कपाळावर पट्टी, खाली टेंगूळ. मला बघून ते उठायला गेले, मी त्यांना आडवं केलं. त्यांचा आवाज लहान झाला होता, पण मुद्रा अशी, की काहीतरी कमावलंय. "वयनी," ते म्हणाले, "मी पडलो, पण लाईन पडू दिली नाय. तुमची बारशाची भांडी आली. मी खालून बघितलं." मला रागाने काही सुचेना. रागानेच. मी बाहेर दुकानात गेले, त्या कॉम्प्युटरकडे पाहिलं, सगळी भांडी ओळीने आली होती. मुजावरने टाकलेल्या वायरचं बटण दाबून मी तो बंद केला आणि मेन खाली ओढला. पहिल्यांदाच मी त्या दुकानात काही बंद केलं असेल.

आणि परतीच्या एसटीत मला जे सुचलं त्याने माझा राग माझ्यावरच उलटला. एक ते चार दुकान बंद असतं तर त्या वेळात तिथे कोणाला काही दिलंच जात नाही. निजलेला माणूस कोणाला तपेलं कबूल करत नाही. म्हणजे एकच्या आधी पडद्यावर जे मोकळं दिसतं ते चारपर्यंत मोकळंच. मी ते पाहून ठेवलं, दुपारची बुकिंगं घेतली आणि चारला भरली, तर कोणाचं काय बिघडणार होतं? काही नाही! ती वेगळी वायर, ते खोकं, ते रुसवेफुगवे, ते टेंगूळ, सगळं फुकट. पण हे त्यांना सांगायची सोय नव्हती, कारण माझा गाळा उघडा आहे असं कळलं की ते राखणीला बसणार. तेव्हा मी खोटं बोलायचं ठरवलं.

आता रोज एक वाजता मी फोन करते. समोर गिऱ्हाईक बसलेलं असतं, कोणाच्या तरी कडेवर पोर रडत असतं, हायवेवरून ट्रक हॉर्न देत जातात. मी फोनला हाताचा आडोसा करून सांगते, "भावजी, लांजा बंद केलं हो. तुम्हीपण करा." पलीकडून दोनदा खट्कन आवाज येतो, आधी मुजावरच्या वायरच्या बटणाचा, मग मेनचा. मग पडदा कोरा होतो. सगळे आवाज त्यांना ऐकू जात असणारच, बहिरे नाहीत ते. पण ते कधी विचारत नाहीत. फक्त म्हणतात, "बरं केलंत वयनी. जरा पडा आता तुम्हीपण. दिवसभर राबताय."

माझ्या लग्नाला इतकी वर्षं झाली. सासर झालं, मुलगी झाली, गाळा झाला. माझा नवरा चांगला माणूस आहे. पण मला "जरा पड" असं कोणी म्हटलेलं मला आठवत नाही. या बंद करणाऱ्या, वेड्या माणसाला ते रोज कसं सुचतं कोण जाणे. मी "हो, पडते" म्हणते, क्षणभर फोन तसाच हातात धरते, आणि मग समोरच्या माणसाला तारीख विचारते.